खाली लक्स, वर एलव्हीएम: जुनी डेबियन सिस्टीम कूटबद्ध डिस्कवर हलवताना

आधी क्रम पक्का करा. एकच मोठं पार्टिशन लक्सने (लिनक्समध्ये डिस्क कूटबद्ध करायची पद्धत) कूटबद्ध करायचं आणि त्याच्या आत एलव्हीएमने (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी सोय) रूट (मूळ सिस्टीम), होम (तुमच्या फाइली), स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) असे खण पाडायचे. एका पासवर्डात सगळं उघडतं, स्वॅपही झाकलेला राहतो आणि आत किती खण आहेत हेही बाहेरच्याला कळत नाही. आधी एलव्हीएम आणि मग प्रत्येक खणाला वेगळं लक्स, असा उलटा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळतो. एकच खण अनेक डिस्कांवर पसरायचा असेल तर तो ठीक आहे, लॅपटॉपसाठी मुळीच नाही.

लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा. नव्या डिस्कवर ईएफआयला (मशीन सुरू होताना पहिल्यांदा वाचलं जाणारं पार्टिशन) 512 एमबी, बूटला (कर्नल वगैरे सुरुवातीच्या फाइलींचं पार्टिशन) 1 जीबी आणि उरलेली जागा लक्सला. बूट उघडंच ठेवा. कारण लक्स-2 मध्ये पासवर्डापासून किल्ली बनवायला डिफॉल्ट असलेली आर्गॉन-2 पद्धत डेबियन 12 च्या ग्रबला, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या बूटलोडरला, वाचता येत नाही. पासवर्डात फक्त रोमन अक्षरं आणि आकडे घ्या, कारण बूटच्या वेळी तुमचा मराठी कीबोर्ड तिथे नसतो.

मग क्रमाने कमांड: लक्सफॉरमॅट (कुलूप घालणं), ओपन (ते उघडणं), पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट (एलव्हीएमचे खण पाडणं), खणांवर फाइल सिस्टीम आणि आरसिंकने जुन्या सिस्टीमची कॉपी. थोडी जागा न वाटता मोकळी सोडा. ईएक्सटी-4 फाइल सिस्टीम चालू असताना वाढवता येते, पण कमी करायची तर अनमाउंट करावी लागते.

आता खरी अडचण: क्रिप्टटॅब (सुरू होताना कुठली कुलपं उघडायची याची यादी असलेली फाइल) आणि इनिट-रॅम-एफएस (रूट उघडण्याआधी बूटमधून चालणारी छोटी सिस्टीम). क्रिप्टटॅबमध्ये यूयूआयडी (पार्टिशनचा एकमेव ओळख क्रमांक) लागतो तो बाहेरच्या लक्स पार्टिशनचा. मी पहिल्यांदा आतल्या रूटचा लिहिला होता आणि अख्खी रात्र घालवली. कुलूप उघडल्याशिवाय तो यूयूआयडी दिसणारच नाही, हे मला पहाटे उमगलं. ब्लकआयडी या कमांडच्या यादीत ज्या ओळीत 'क्रिप्टो-लक्स' लिहिलेलं असतं, तोच यूयूआयडी घ्या. एफएसटॅबमध्ये (कुठला खण कुठे माउंट करायचा याची फाइल) मात्र आतल्या खणांचे पत्ते.

दुसरी चूक त्याहून छुपी आहे. लाइव्ह यूएसबीवर लक्स ज्या नावाने उघडलं, तेच नाव क्रिप्टटॅबच्या पहिल्या रकान्यात हवं. नाव वेगळं असेल तर रूट कुठल्या कुलपात आहे हे इनिट-रॅम-एफएस बनवणाऱ्या स्क्रिप्टला जुळवता येत नाही.

सीएचरूटमध्ये (लाइव्ह यूएसबीवरूनच नव्या सिस्टीमच्या आत) जाण्याआधी डेव्ह, प्रोक, सिस हे सिस्टीमचे फोल्डर तिथे बाइंड करा आणि बूट, ईएफआय माउंट करा. बूट माउंट करायचं राहिलं तर नवी इनिट-रॅम-एफएस फाइल कुलपाच्या आतल्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडते आणि कमांड काहीही तक्रार करत नाही. आत गेल्यावर क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे पॅकेज घाला, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा, ग्रब बसवा. रीबूटआधी एलएस-इनिटरॅमएफएसने यादी काढून क्रिप्टसेटअप त्यात आहे का पाहा. ही पायरी गाळू नका.

तरीही अडलं तर फॉरमॅट करायला धावू नका, पडद्यावरचा संदेश वाचा. कूटबद्ध डिव्हाइसची वाट पाहतोय असं म्हणत असेल तर यूयूआयडी चुकला. पासवर्ड न विचारताच रूट सापडत नाही म्हणत असेल तर क्रिप्टटॅब आत पोहोचलाच नाही. क्रिप्टसेटअप आत असेल तर तिथल्याच शेलमध्ये लक्स हाताने उघडा, व्हीजीचेंजने खण जागे करा आणि एक्झिट लिहा. मशीन पुढे जाईल.

शेवटी लक्सहेडरबॅकअपने हेडरची (लक्सच्या किल्ल्या असलेला पार्टिशनचा सुरुवातीचा भाग) प्रत घेऊन वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. हेडर बिघडलं तर पासवर्ड पाठ असूनही काही हाती लागत नाही. पुढे पासवर्ड बदलला की जुनी हेडरफाइल नष्ट करून नवी घ्या, कारण त्या फाइलीबरोबर जुना पासवर्डही डिस्क उघडतो.