अमर पात्रं लिहिताय? या चुका टाळा

कल्पित पुराणविश्व रचणाऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. त्यातली बरीचशी एकाच खड्ड्यात पडतात. सगळ्या जमातीला अमर करून टाकलेलं असतं, पण म्हणजे नेमकं काय, ते ठरवलेलंच नसतं.

एका हस्तलिखितातली वनदेवी पाचव्या प्रकरणात छातीत भाला घुसूनही हसत उभी. बाराव्यात साध्या बाणाने गतप्राण, कारण नायकाला सूड उगवायला निमित्त हवं! लेखकाला विचारलं, तर म्हणे बाण विषारी होता. मग सातव्या प्रकरणात ती विषाचा अख्खा प्याला रिचवते, त्याचं काय? त्यावर महाशय गप्प.

म्हातारपण येतं का, मारता येतं का, मेल्यावर कुठे जातात, हे मी प्रत्येक जमातीपुढे आधी कागदावर मांडते. मगच कथा. ग्रीक पुराणात पहाटेची देवी इऑसने आपल्या मर्त्य प्रियकरासाठी, टिथोनससाठी, देवांचा राजा झ्यूसकडे अमरत्व मागितलं आणि तारुण्य मागायला विसरली. बिचारा जराजर्जर होऊन आक्रसत गेला. नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या देवांचं उलटं. इडून देवीची सफरचंदं खाऊन ते तरुण राहतात, पण रॅग्नारॉकमध्ये, म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईत, फेनरिर लांडगा देवांचा प्रमुख ओडिनला गिळतोच.

मेलेल्याला उठवणं हा उतावळ्या नवशिक्यांचा लाडका शॉर्टकट, आणि माझ्या डोक्यात जाणारा. मेलेला पुढच्या पानावर परत येणार असेल, तर वाचकाने जीव मुठीत धरायचा कशाला? शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या होती, तरी कचाची गोष्ट रंगते. असुरांनी कचाची राख मद्यातून त्याच्या गुरूला, म्हणजे शुक्राचार्यांनाच पाजली. आता कच उठायचा तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून पोटातल्या शिष्याला आधी विद्या शिकवावी लागली, मग बाहेर येऊन त्याने गुरूला उठवलं. इतकी अडचण असेल तरच उठवा.

वरदानाची पळवाट शेवटच्या प्रकरणात शोधू नका. हिरण्यकशिपूचा उंबरठा आणि तिन्हीसांज त्याच्या वरदानाच्या अटींमध्येच दडलेले आहेत.

हजार वर्षांच्या पात्राला कॉलेजातल्या पोरासारखं रुसवू नका.

न मरणाऱ्यांना वर्षाआड मुलं झाली, तर जंगलात उभं राहायला जागा उरणार नाही. जन्म दुर्मिळ ठेवा.

आणि शापित अमराबद्दल ‘तो सदैव दुःखी होता’ एवढं लिहून मोकळं होऊ नका. महाभारतात अश्वत्थाम्याच्या शापाला मुदत आहे, ३००० वर्षं. अंगाला रक्ता-पुवाचा वास, निर्जन प्रदेशात भटकणं, आणि बोलायला कुणीही नाही.