ऊसतोडीच्या कोपीवर झालेल्या लेकराची नोंद कुठं करायची? जन्म-मृत्यू नोंदीचं एकदा नीट समजून घ्या

आमच्या बीडकडच्या शाळेचं जुनं रजिस्टर उघडून बघा, निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून. माझा पण १ जूनच. आई म्हणते तू पोळ्याच्या आसपास झालास, पण गुरुजींनी नाव घालताना अंदाजानं वय धरलं अन १ जून टाकून मोकळे झाले. तेव्हा कुणाचं काही अडलं नाही, आता अडतंय. मी तालुक्याच्या गावाला सेवा केंद्र चालवतो, रोज चार-पाच जण तरी जन्माच्या नाहीतर मृत्यूच्या दाखल्यासाठी येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची चूक एकच असते, म्हणून लिहितोय.

चूक ही की नोंद आपल्या गावात होते असं लोकांना वाटतं. नाही होत. जन्म किंवा मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते, तुम्ही राहायला कुठं का असेना. डिलिव्हरी अंबाजोगाईला झाली तर नोंद अंबाजोगाईला, बाई माहेरी गेली अन तिथं बाळ झालं तर माहेरच्या ग्रामपंचायतीत, अन कोपीवर, म्हणजे ऊसतोडीला गेल्यावर राहायच्या झोपडीत झालं, तर ती कोपी ज्या गावच्या हद्दीत हाय त्या ग्रामपंचायतीत. चालत्या गाडीत झालं तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली तिथं.

माझ्या चुलतभावाचं सांगतो. नवरा-बायकोची जोडी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला सांगलीकडं गेलेली, फेब्रुवारीत उसाच्या फडाजवळच्या कोपीवर पोरगी झाली. बाळ-बाळंतीण बरी होती म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर सगळे गावाकडं आले आणि मग आपल्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाले इथं जन्म झालाच नाही तर मी कसं लिहू, आणि ते बरोबरच होतं. परत सांगलीकडं दोन चकरा, मजुरी बुडाली ती वेगळीच, त्यात वर्ष उलटून गेलं. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर झालेल्या पोरीला, पिवळं नाहीतर केशरी रेशन कार्ड असेल तर, जन्माला ५ हजार अन १८ व्या वर्षापर्यंत सगळे मिळून १ लाख १ हजार मिळतात, पण जन्म दाखलाच नाही म्हणून तो अर्ज अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून आहे.

तर आता मुदतीचं. २१ दिवसांच्या आत कळवायचं, काही पैसे लागत नाहीत आणि पहिला दाखला फुकट मिळतो. २१ ते ३० दिवस असेल तर थोडा विलंब शुल्क. ३० दिवस ते एक वर्ष असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अन वर्ष उलटलं की खरी कटकट. पूर्वी कोर्टात जावं लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. त्यासाठी आधी नोंद सापडत नसल्याचा दाखला काढायचा, मग पुरावे, मग चौकशी. २०२५ मध्ये राज्यात बोगस दाखल्यांच्या तक्रारी आल्यापासून ही तपासणी लई कडक झालीय, त्यामुळं कुणी "मी करून देतो, पाच हजार द्या" म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

दवाखान्यात बाळ झालं तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते, काही सरकारी दवाखान्यात तर दाखलाही तिथंच मिळतो. घरी झालं तर घरच्या कर्त्या माणसाची. आशाताईला सांगून ठेवा, पण तिला सांगितलं म्हणजे नोंद झाली असं धरून बसू नका, स्वतः जाऊन रजिस्टरला बघा. बारसं राहिलंय म्हणून थांबायची तर काहीच गरज नाही. नाव न टाकता नोंद होते, नंतर एक वर्षात नाव फुकट टाकता येतं अन १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.

स्पेलिंगकडं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. आईबापाचं नाव आधार कार्डावर जसं तसंच, आईचं माहेरचं नाव लिहून येऊ नका. डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी मामा-काका फॉर्म भरतो अन "कमलबाई"चं "कमल" करून येतो, मग पासपोर्टपर्यंत रडगाणं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या पोरांना शाळा, लायसन, मतदार यादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरलाय, म्हणजे गुरुजींची १ जून आता चालणार नाही.

आता सरकारला याचं काय पडलंय, ते पण सांगतो, कारण लोक म्हणतात आमचं लेकरू आम्हाला माहिती, तुम्हाला कशाला. जन्माच्या फॉर्मचे दोन भाग असतात. एक भाग तुमच्या दाखल्यासाठी रजिस्टरला राहतो. दुसरा वर जातो, त्यात आईचं नेहमीचं राहायचं गाव, शिक्षण, लग्न झालं तेव्हाचं वय, बाळाचं वजन, डिलिव्हरी कुणी केली असलं सगळं. हा भाग घाईत कसाही भरतात. कोपीवरच्या बाईचं गाव सांगली लिहिलं तर ते लेकरू बीडच्या हिशोबातून गेलं. आणि लग्नाचं वय तर सर्रास वाढवून सांगतात, घाबरतात, कळतं मला, पण मग आमच्याकडं बालविवाह नाहीतच असं कागदावर दिसतं अन वजन कमी भरलेली लेकरं मात्र अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसत राहतात.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० पोरांमागं ८०७ पोरी निघाल्या, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. मग मधल्या वर्षात पोरींचा जन्म वाढला का घटला हे गावपातळीवर बघायचं तर ही वहीच लागते. लस किती मागवायची, अंगणवाडी कुठं वाढवायची, याचा अंदाज पण इथूनच.

मृत्यूच्या नोंदीचे लोक त्याहून जास्त हाल करतात. दहावं-तेरावं झालं की सगळं विसरतात, अन दोन वर्षांनी सातबाऱ्यावर वारस लावायला गेले की तलाठी पहिला कागद मृत्यूचा मागतात. विमा, बँक, विधवा बाईची निराधार पेन्शन, सगळीकडं तेच. त्यामुळं २१ दिवसातच करा अन एकदम आठ-दहा प्रती काढून ठेवा. मृत्यूचं कारण पण नीट लिहून घ्या. "हृदय बंद पडून" हे काही कारण नाही, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. साप चावला, फवारणीचं विष लागलं, ऊन लागलं, जे झालं ते डॉक्टरकडून लिहून घ्या. साप चावून गेलेला माणूस हृदयविकारात मोजला गेला तर आपल्या आरोग्य केंद्रात सापाचं औषध का कमी पडतं हे कुणाला कधी कळणारच नाही.

अन या वहीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा काय काय उघडलं आठवा, निजामाच्या काळातली कागदं, खासरा पत्रक अन कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचीच वही. कुठल्या तरी कोतवालानं पणज्याचं मरण एका ओळीत लिहिलेलं, त्या ओळीसाठी पणतू लाईनीत उभे होते.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, घरात कुणी पोटुशी असेल तर एवढं करा. दोघांच्या आधारच्या झेरॉक्स अन आशाताईनं दिलेलं माता-बाल कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर न्या. बाळ झालं की टोळीच्या मुकादमाला घेऊन तिथल्या ग्रामपंचायतीत जा, आईचं राहायचं गाव मात्र आपलं लिहा. दाखला हातात यायच्या आधी फड हलला तरी चालेल, पण नोंदणी क्रमांक आणि तारीख यांचा मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय तिथून हलू नका. तो नंबर असला की पुढचं सोपं जातं.