रन दाबण्याआधी डायलॉग वाचा

नाशिकमध्ये जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं, काम शोधणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकू, क्यूजीआयएस, आर्कजीआयएस की ग्रास? भूगोलात एमए केलेलेही हेच विचारतात, सिव्हिलचा डिप्लोमा केलेलेही हेच. कुठलंही एक घ्या, पण त्यातल्या टूलचा डायलॉग, म्हणजे रकाने भरायची खिडकी, वरपासून खालपर्यंत वाचायची सवय लावा, एवढंच मी सांगतो. हे ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. पण सुरुवातीच्या काळात रोज करायचं असतं ते हेच: टूल उघडा, लेयर (नकाशाचा एक थर) निवडा, चार रकाने भरा, रन दाबा. आज द्राक्षबागांचे गट, उद्या गावठाणाची हद्द, परवा पाण्याच्या पाइपलाइनी. विषय बदलतात, डायलॉग तेच राहतात.

एक गोष्ट आधी समजून घ्या. डायलॉग म्हणजे फक्त दर्शनी भाग, खरं काम मागची आज्ञा करते. ग्रासमध्ये हे उघड दिसतं. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या प्रयोगशाळेत १९८२च्या सुमारास या सॉफ्टवेअरचं काम सुरू झालं, तेव्हा सगळा कारभार आज्ञा टाइप करूनच चालायचा. आजही त्यातल्या प्रत्येक टूलचा डायलॉग त्या आज्ञेच्या वर्णनावरून आपोआप तयार होतो. तुम्ही रकाने भरत जाता तशी खाली एका ओळीत पूर्ण आज्ञा जुळत जाते. ती ओळ कॉपी करून वहीत नाहीतर टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. क्यूजीआयएसमध्ये हीच सोय थोडी आत आहे: डायलॉगच्या ॲडव्हान्स्ड मेनूतून पायथनची आज्ञा कॉपी करता येते, आणि प्रोसेसिंगच्या हिस्टरीत आधी चालवलेली सगळी टूल्स त्यांच्या रकान्यांसकट सापडतात. तीन महिन्यांनी साहेबांनी विचारलं, ‘हा पट्टा किती मीटरचा काढला होता?’, तर उत्तर तिथे मिळतं.

आता बफर, म्हणजे एखाद्या गोष्टीभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणारं टूल, घेऊ, कारण सगळे इथूनच सुरुवात करतात. समजा नासर्डी नदीच्या दोन्ही काठांना ५०० मीटरचा पट्टा हवा आहे. लेयर जीपीएसवरून किंवा इंटरनेटवरून आलेली असेल तर ती बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशात असते. अंतराच्या रकान्यात ५०० टाकलं की सॉफ्टवेअर ते ५०० अंश समजतं, आणि अख्खी पृथ्वी फक्त ३६० अंशांची! क्यूजीआयएस रकान्याशेजारी एकक लिहितं, पिवळं चिन्हही दाखवतं, पण नवी माणसं आकडाच बघतात. काही हुशार मंडळी मग ०.००५ अंश टाकतात. तेही चालत नाही, कारण नाशिकच्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण साधारण ११०.७ किलोमीटरचा असतो आणि पूर्व-पश्चिम साधारण १०४.६ किलोमीटरचा. पट्टा एका दिशेला ५५३ मीटर, दुसऱ्या दिशेला ५२३. सरळ मार्ग म्हणजे आधी लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रोजेक्शनमध्ये (प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत), म्हणजे ईपीएसजी या यादीतल्या ३२६४३ क्रमांकात, नव्याने साठवायची. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला आहे, त्यामुळे अख्खा नाशिक जिल्हा त्यात आरामात बसतो. इथे काम करायचं तर हा आकडा पाठच हवा.

त्याच डायलॉगमध्ये सेगमेंट्स नावाचा रकाना आहे, त्याला कोणी हात लावत नाही. त्यात ५ आधीच भरलेलं असतं. म्हणजे पाव वर्तुळाला पाच सरळ रेषा, पूर्ण वर्तुळाला वीस. विहिरीभोवतीचा ५०० मीटरचा ‘गोल’ हा खरं तर वीस बाजूंची आकृती असतो आणि त्याचं क्षेत्रफळ खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे १.६ टक्के कमी भरतं: ७८.५ हेक्टरऐवजी ७७.३. भिंतीवरच्या नकाशाला फरक पडत नाही. पण त्या क्षेत्रफळावरून कोणाचं अनुदान किंवा मोबदला ठरणार असेल तर सेगमेंट्स वाढवा. आधीच भरलेला आकडा कोणीतरी सर्वसाधारण कामासाठी निवडलेला असतो, आपलं काम काय आहे हे त्याला माहीत नसतं.

उंचीच्या डेटात खरी मजा येते. २०००च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या शटलने रडारने मोजलेली एसआरटीएमची उंची फुकट मिळते, एक-एक अंशाच्या तुकड्यांत. आता गंमत अशी की २० अंश उत्तर ही अक्षांशरेषा नाशिक शहरातूनच जाते. रामकुंड तिच्या उत्तरेला, नाशिकरोड दक्षिणेला. म्हणजे एका शहरासाठी दोन तुकडे. त्र्यंबकपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंतची गोदावरी हवी असेल तर ७४ रेखांशही ओलांडावा लागतो आणि तुकडे होतात चार. ते मर्ज करायचे, मग प्रोजेक्शन बदलायचं. प्रोजेक्शन बदलण्याच्या वॉर्प डायलॉगमध्ये रिसॅम्पलिंगला (नव्या चौकटींत आकडे कसे भरायचे त्याला) ‘नीअरेस्ट नेबर’ आधीच निवडलेलं असतं. जमीनवापराच्या नकाशाला ते योग्यच, कारण तिथे शेत आणि वस्ती यांची सरासरी काढून चालणार नाही. उंचीला मात्र बायलिनिअर (शेजारच्या आकड्यांची सरासरी) घ्या, नाहीतर हिलशेडमध्ये, म्हणजे ऊन-सावली दाखवणाऱ्या नकाशात, डोंगरांवर विचित्र रेघा उमटतात. आणि प्रोजेक्शन न बदलता थेट उतार काढला, तर आडवं अंतर अंशांत, उभं मीटरमध्ये. मग ब्रह्मगिरीचा कडाही जवळजवळ ९० अंश आणि निफाडची सपाट शेतंही जवळजवळ ९० अंश.

यापुढचं टूल ग्रासचं आर.वॉटरशेड. ते पाण्याचा प्रवाह आणि पाणलोट काढतं. त्यातला थ्रेशोल्डचा (किती मोठं पाणलोट वेगळं धरायचं त्याचा) रकाना मीटरमध्ये नाही, सेलच्या, म्हणजे उंचीच्या डेटातल्या चौकटींच्या, संख्येत आहे. ३० मीटरचा एक सेल म्हणजे ९०० चौरस मीटर. थ्रेशोल्ड १०,००० टाकला तर ९ चौरस किलोमीटरपेक्षा लहान पाणलोट वेगळे निघत नाहीत, १,००० टाकला तर प्रत्येक ओहोळ उठून दिसतो. आधी कागदावर गुणाकार करा, मग आकडा टाका.

याच टूलमध्ये आणखी एक टिक आहे. नाशिक तालुक्याच्या हद्दीवर डेटा कापून प्रवाह काढला, तर गोदावरीच्या पात्रात ऋण आकडे येतात. मुलं घाबरतात, टूल बिघडलं म्हणतात. खरं तर ते प्रामाणिकपणे सांगत असतं की वरून, म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्यातून, पाणी येतंय पण तो भाग मला दिलेलाच नाही, तेव्हा हा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे असं धरा. डायलॉगमध्ये सगळे आकडे धन करून दाखवणारा चौकोन आहे. तो टिक केला की ऋण चिन्ह जातं, चूक तिथेच राहते. त्यापेक्षा डेटा ब्रह्मगिरीच्या पलीकडून घ्या.

ग्रास स्वतंत्रपणे वापरलं तर डायलॉगमध्ये न दिसणारी एक गोष्टही सांभाळावी लागते: रीजन, म्हणजे टूल चालतं ते क्षेत्र. रास्टरची (चौकटींनी बनलेल्या डेटाची) बहुतेक टूल्स सध्या ठरलेल्या रीजनपुरतीच आणि त्याच सेलच्या मापाने चालतात. काल सिन्नरचं रीजन ठेवून घरी गेलात आणि आज तेच सेशन उघडून कळवणची उंची घेतलीत, तर नकाशा रिकामा येईल. आधी जी.रीजन (रीजन ठरवणारी आज्ञा), मग बाकीचं.

रन दाबल्यावर डायलॉग लॉगच्या टॅबवर जातो. ती खिडकी लगेच बंद करू नका. इनव्हॅलिड जॉमेट्रीची (बिघडलेल्या आकृतीची) तक्रार असेल तर तिथे फीचरचा, म्हणजे लेयरमधल्या त्या आकृतीचा, क्रमांकसुद्धा दिलेला असतो. हाताने काढलेल्या गटाची सीमा स्वतःलाच छेदली की ही तक्रार येणारच, फिक्स जॉमेट्रीज चालवून पुन्हा करा. ‘फक्त निवडलेली फीचर्स’ या चौकोनावरही नजर टाका. १५ तालुके द्यायचे होते आणि गेला एकटा येवला, असं होतं ते त्याच्यामुळेच. हे १५ तालुके एकेक करून कापत बसू नका. इनपुटच्या रकान्याशेजारी गोल फिरणाऱ्या बाणांचं बटण असतं, ते दाबलं की टूल प्रत्येक फीचरसाठी वेगळं चालतं. वेगवेगळ्या फाइली असतील तर बॅच प्रोसेस. आणि आउटपुटचा रकाना रिकामा सोडला तर लेयर तात्पुरती असते, क्यूजीआयएस बंद केलं की गेली.

साठवताना शेपफाइल टाळा, विशेषतः मराठीत काम करणार असाल तर. तिच्यात कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘लोकसंख्या’ एवढं साधं नावही त्यात पूर्ण बसत नाही. जिओपॅकेज घ्या.

मुलाखतीला जाताना रंगीत नकाशांची फाइल सगळेच नेतात. तुम्ही दारणेचं किंवा कादवेचं पाणलोट काढा, आणि नकाशाच्या मागच्या पानावर वापरलेल्या आज्ञा क्रमाने छापा: कुठलं प्रोजेक्शन, कुठलं रिसॅम्पलिंग, थ्रेशोल्ड किती आणि का. मी समोर बसलेला असतो तेव्हा आधी ते मागचं पान उलटतो, आणि पहिला प्रश्न थ्रेशोल्डवर विचारतो.