लिगामेंटच्या ऑपरेशननंतर गुडघा कसा सांभाळावा

कबड्डीत पाय रोवलेला राहतो, अंग फिरते आणि गुडघ्यात ‘कट्’ होते. काही तासांत गुडघा टम्म सुजतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसले म्हणून घरचे निर्धास्त होतात, पण फाटलेला असू शकतो तो एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा लिगामेंट (चिवट पट्टा), आणि तो एक्स-रेत दिसतच नाही. चालताना गुडघा निसटत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते सांगतील तर एमआरआय करा. सुजलेला गुडघा कोणालाही चोळू देऊ नका.

हे ऑपरेशन सहसा तातडीचे नसते. आधी सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केले तर तो नंतरही आखडण्याची भीती असते. डॉक्टरांची हरकत नसेल तर पावसाळा टाळा. शेवाळलेल्या पाखाडीवरून कुबड्यांनी चालणे फार जोखमीचे. मात्र गुडघ्यात काही अडकून तो सरळच होत नसेल तर थांबू नका.

ऑपरेशनमध्ये फाटलेल्या एसीएलच्या जागी बहुधा तुमच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची शीर (रक्ताची नव्हे, दोरीसारखी चिवट शीर, म्हणजे टेंडन) काढून, दुर्बिणीतून, हाडांना पाडलेल्या बोगद्यांत बसवतात.

घरी येण्याआधी कमोडची खुर्ची आणून ठेवा. उकिडवे बसणे, मांडी घालणे काही महिने बंद. झोपताना उशी टाचेखाली घ्या. गुडघ्याखाली घेतलेल्या उशीने बरे वाटते खरे, पण गुडघा वाकडाच राहतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांचे सर्वांत मोठे काम गुडघा पूर्ण सरळ करणे हेच आहे. मांडीचा स्नायू आवळून गुडघा अंथरुणावर दाबा, काही क्षण धरा, सोडा, दिवसातून अनेकदा. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. किती भार द्यायचा ते डॉक्टरांना विचारा; गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली असेल तर नियम वेगळे असतात.

पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालयात जा.

यापुढचा टप्पा फसवा. दीड-दोन महिन्यांत दुखणे जाते, चाल सुधारते, आणि मुलगा म्हणतो, ‘आता मी बरा झालो.’ नेमकी तेव्हाच आतली शीर सर्वांत कच्ची असते, कारण तिच्यात नवा रक्तपुरवठा रुजत असतो आणि जुने धागे बदलत असतात. या काळात चिखलातली लावणी नको, होडीतून उडी नको. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला असेल आणि एसटीने रोज जाणे जमत नसेल, तर दर आठवड्याला नवे व्यायाम शिकून या आणि घरी रोज करा.

नऊ महिन्यांआधी मैदानात उतरू नका. या हंगामाचे सामने गेले असेच धरा. नऊ महिने झाले तरी ऑपरेशनच्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. त्याआधी शिमगा आला तर पालखीचे दर्शन घ्या, ती खांद्यावर घेऊन नाचणे पुढच्या वर्षी.