युनिक्सवरील स्क्रीन लॉक खरोखर टिकते का, हे कसे तपासावे

लिनक्स किंवा बीएसडीवर स्क्रीन लॉक केली की पासवर्डची चौकट दिसते आणि आपण निर्धास्त होतो. परंतु ती चौकट दाखवणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर काय होईल, हे फारसे कोणी पाहत नाही. ते पाहण्यासाठी आधी आपले सत्र एक्स11 वर चालते की वेलँडवर, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर की नव्या, हे जाणून घ्यावे.

एक्स11 असल्यास अधिक सावध राहावे. तेथे आयथ्रीलॉक किंवा स्लॉक यांसारखे लॉकर (स्क्रीन लॉक करणारे प्रोग्रॅम) हे एक्स सर्व्हरच्या, म्हणजे पडदा व कीबोर्ड सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या, लेखी इतरांसारखेच साधे प्रोग्रॅम असतात: ते संपूर्ण पडदा झाकणारी विंडो उघडतात आणि कीबोर्ड व माउस यांचा ताबा मागतात. प्रोग्रॅम कोसळला की विंडो जाते, ताबा सुटतो आणि मागचा डेस्कटॉप पासवर्डाविनाच हाती येतो. 2012 च्या जानेवारीत तर असे उघडकीस आले, की एक्स सर्व्हरच्या तेव्हाच्या नव्या आवृत्तीत कंट्रोल, ऑल्ट आणि नंबर पॅडवरील गुणाकाराचे बटण एकत्र दाबले तरी लॉक निघून जात असे. डीबगिंगसाठी ठेवलेली सोय चुकून सर्वांसाठी खुली राहिली होती.

पहिली चाचणी अशी करावी. उघडलेले काम सेव्ह करून स्क्रीन लॉक करावी आणि दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दूरस्थ लॉगिनने) आत येऊन लॉकरची प्रोसेस ‘किल’ करावी, म्हणजे जबरदस्तीने बंद पाडावी. एक्स11 वर बहुधा डेस्कटॉप उघडा पडतो. वेलँडवर मात्र लॉकर सत्र-लॉकचा प्रोटोकॉल वापरत असेल, तर तो मेला तरी कंपोझिटर (वेलँडवर पडदा सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम) पडदा बंदच ठेवतो. स्वे हा कंपोझिटर अशा वेळी निव्वळ लाल पडदा दाखवतो.

दुसरी चाचणी सोपी आहे: एखादा मेनू उघडा ठेवून लॉक आपोआप लागण्याची वाट पाहावी. एक्स11 वर कीबोर्डचा ताबा त्या मेनूकडे असल्यामुळे लॉकरला तो मिळत नाही, आणि स्लॉक तर क्षणभर प्रयत्न करून चक्क माघार घेतो. एक्स11 सोडणे शक्य नसेल, तर एक्ससिक्युअरलॉक हा लॉकर वापरावा, कारण त्यात पासवर्ड विचारणारा भाग वेगळ्या प्रोसेसमध्ये असून तो कोसळला तरी मुख्य प्रोसेस पडदा सोडत नाही.

मजकुरी कन्सोलवर लॉगिन करून ‘स्टार्टएक्स’ या आज्ञेने एक्स सुरू करणाऱ्यांनी त्याआधी ‘एक्झेक’ लिहावे, म्हणजे मागे शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) उरत नाही. अन्यथा कंट्रोल, ऑल्ट आणि फंक्शन की दाबून मूळ कन्सोलवर जाणाऱ्याला कंट्रोल-सी दाबून एक्स बंद करता येते, आणि समोर लॉगिन झालेला शेल आयताच मिळतो. ‘सिसआरक्यू’ची बटणे (लिनक्सच्या गाभ्याला थेट आज्ञा देणाऱ्या जोडण्या) चालू असल्यास तीही मर्यादित करावीत, कारण त्यांतील एक जोडणी चालू कन्सोलवरील सर्व प्रोग्रॅम मारून टाकते.

लॅपटॉप असल्यास झाकण मिटून पुन्हा उघडावे. जुना डेस्कटॉप क्षणभर जरी चमकला, तरी लॉक झोपेनंतर लागत आहे असे समजावे. सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या एक्स11 सत्रात ‘एक्सएसएस-लॉक’ या लॉकर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला झोप रोखून धरण्याचा पर्याय दिल्यास, आणि लॉकर तो मानत असल्यास, यंत्र झोपण्याआधी लॉक लागण्याची वाट पाहते.