बहुउद्देशीय नाट्यगृहाची साउंड सिस्टिम: वॅट सगळ्यात शेवटी बघा

तालुक्याच्या गावातल्या 500-600 खुर्च्यांच्या नाट्यगृहात नाटक, स्नेहसंमेलन, लावणी, पतसंस्थेची सभा आणि ऑर्केस्ट्रा असं सगळंच होतं. सिस्टिम मात्र बहुतेकदा ऑर्केस्ट्रा डोळ्यांपुढे ठेवून घेतात. आमचा सल्ला उलटा आहे. बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवणारी सिस्टिम विकत घ्या. मोठे सबवूफर (खर्जाचे स्पीकर) आणि जादा मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर) त्या-त्या रात्रीपुरते भाड्याने आणा.

पहिली तपासणी हॉलची. रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडून आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजा. फोनवरच्या अ‍ॅपनेही अंदाज येतो. संवादासाठी 1 सेकंदाच्या आसपास ठीक, संगीतासाठी 1.3-1.4 चालतो. 2 सेकंदांच्या पुढे गेला तर कितीही महाग स्पीकर लावा, शब्द एकमेकांत मिसळणारच. गुळगुळीत गिलावा, फरशी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या हे नेहमीचे गुन्हेगार. अशा वेळी बजेटमधला पहिला पैसा मागच्या भिंतीवर कापडाने मढवलेल्या ग्लासवुलच्या पॅनेलना आणि गादीच्या खुर्च्यांना द्या. पत्र्याचं छप्पर असेल तर पाहणी भर पावसात करा. बोलणं त्या गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबल वर राहायला हवं.

आता स्पीकर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो. म्हणजे 1 मीटरवरून 16 मीटरवर जाताना 24 डेसिबल. बंद हॉलमध्ये घट थोडी कमी होते, तरी हिशोब असाच धरा. 1 वॅटला 1 मीटरवर 97 डेसिबल देणारा स्पीकर असेल आणि 16 मीटरवर 90 हवेत, तर 97 मधून 24 गेले की उरतात 73, म्हणजे लागतात 17 डेसिबल जास्त, म्हणजे 50 वॅट. अचानक चढणाऱ्या आवाजासाठी 10 डेसिबल राखीव ठेवले की 500 वॅट. बस, एवढंच. वॅट दुप्पट केल्याने फक्त 3 डेसिबल वाढतात, त्यामुळे दरपत्रकातले हजारोंचे आकडे बघून भुलू नका. आकडा आरएमएसचाच, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या ताकदीचाच मागा. ‘पीएमपीओ’ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं दरपत्रक बाजूला ठेवा.

या आकाराच्या हॉलला लाइन अ‍ॅरेची, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरच्या पेट्यांची, गरज सहसा पडत नाही. दोन-तीन पेट्यांचा अ‍ॅरे नुसता दिसायला अ‍ॅरे असतो. त्यापेक्षा प्रोसिनियमच्या (स्टेजच्या दर्शनी चौकटीच्या) वर डावा, मधला, उजवा असे तीन स्पीकर टांगा: संवाद मधल्यातून, संगीत बाजूच्या दोघांतून. रोख शेवटच्या रांगांकडे ठेवा, मागच्या भिंतीवर नको. पहिल्या दोन रांगांसाठी स्टेजच्या ओठात चार छोटे स्पीकर. बाल्कनीखाली वेगळे लागतात, आणि त्यांना डिले द्यावाच लागतो, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. आवाजाला 1 मीटरला सुमारे 2.9 मिलिसेकंद लागतात. प्रेक्षक मुख्य स्पीकरपासून 15 आणि बाल्कनीखालच्यापासून 3 मीटरवर असेल, तर फरक 12 मीटरचा, म्हणजे 35 मिलिसेकंद. त्यात आणखी 10 घाला, म्हणजे आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो.

माइक नेहमी स्पीकरच्या मागे. पुढे आला की शिट्टी ठरलेली. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी न येता आवाज वाढवायची जागा 3 डेसिबलने आकसते, म्हणून नाटकाला आठ माइक टांगण्यापेक्षा स्टेजच्या कडेला तीन बाउंडरी माइक (जमिनीवर ठेवायचे चपटे माइक) बरे. त्यांच्यात तीनेक मीटर अंतर ठेवा, खाली पातळ रबर घाला आणि मिक्सरवर 100 हर्ट्झखालचं कापा, नाहीतर संवादापेक्षा पावलंच ऐकू येतील. लावणीत घुंगरांनाही हेच माइक उपयोगी पडतात. ढोलकीला मात्र दोन्ही बाजूंना साधे डायनॅमिक माइक.

वायरलेसचे चार हातातले आणि चार कॉलरचे संच पुरतात. 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले जुने संच स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. 2022च्या स्पेक्ट्रम लिलावानंतर तिथे मोबाइलची 5जी सेवा आली आहे, आणि ऐन प्रयोगात माइकचा आवाज तुटत राहतो.

मिक्सर 32 चॅनेलचा डिजिटल घ्या. ‘नाटक’, ‘सभा’, ‘संमेलन’ अशा सेटिंग साठवून ठेवता येतात आणि ‘सभा’ तर शिपाईही चालवू शकतो. पण मिक्सर काचेआडच्या केबिनमध्ये ठेवलात तर सगळं फुकट. हॉलमध्ये काय ऐकू येतंय ते ऑपरेटरला कळतच नाही. जागा हवी प्रेक्षकांत, दोन-तृतीयांश मागे, बाल्कनीच्या बाहेर. याच मुद्द्यावर वास्तुविशारदाशी सर्वांत जास्त भांडण होतं. इमारतीच्या नकाशावरच ते मिटवा.

वीज: मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच फेजवर, दिव्यांचे डिमर दुसऱ्या. माइकच्या वायरी डिमरच्या वायरींसोबत एकाच पाइपमधून ओढल्या तर दिवे मंद करताना गुणगुण येते. ती घालवायला अर्थिंग कापणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा, त्यात जीव जातो. लॅपटॉपची गुणगुण डीआय बॉक्सने (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायच्या छोट्या डबीने) जाते. वायरी लोखंडी पाइपमध्ये असू द्या, उंदीर प्लास्टिक खातात.

शेवटचं बिल चाचणीआधी देऊ नका. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खसखसता आवाज) लावून बारा जागी मोजा, फरक 6 डेसिबलच्या आत हवा. मग स्टेजवरून कुणीतरी ताप, चाप, काप, थाप असे सुटे शब्द वाचावेत आणि शेवटच्या रांगेतल्या तिघांनी ते लिहावेत. गोंधळ व्यंजनांत होत असेल तर ठेकेदाराला आवाज वाढवू देऊ नका, स्पीकरचा रोख आणि 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा तपासायला लावा.