मुठीवर अंगठ्याचा खळगा: फ्रीफॉर्ममध्ये कडांच्या अटी कशा घालाव्यात

भाजी सोलायच्या सोलाण्याची प्लास्टिकची मूठ सॉलिडवर्क्स या त्रिमितीय आरेखनाच्या संगणक प्रणालीत तयार आहे आणि तिच्या माथ्यावर अंगठा टेकवायला सुमारे 2 मिलिमीटर खोल खळगा हवा आहे, असे समजू. यासाठी ‘फ्रीफॉर्म’ हे साधन वापरावे. ते एका वेळी एकच फेस, म्हणजे कडांनी वेढलेला पृष्ठभागाचा एक तुकडा, घेते आणि त्यावरचे बिंदू ओढून आकार बदलू देते. मात्र फेसच्या प्रत्येक कडेला कोणती अट घालायची हे ओढण्याआधी ठरलेले नसेल, तर खळगा जमतो आणि भोवतीची मूठ बिघडते.

मूठ डावीउजवीकडे सारखी असल्याने तिचा अर्धाच भाग सरफेस बॉडी, म्हणजे जाडी नसलेला नुसता पृष्ठभाग, म्हणून ठेवावा. उरलेला अर्धा शेवटी ‘मिरर’ने मिळतो. वरच्या प्रतलावर अंगठ्याच्या जागेएवढी चौकट स्केच करून ती ‘स्प्लिट लाइन’ने मुठीवर उतरवावी, म्हणजे तेवढाच भाग स्वतंत्र फेस होतो. चौकटीची एक बाजू मुठीच्या मध्यकडेवर, म्हणजे जिथे दोन अर्धे जुळणार त्या कडेवर, यावी. चारच बाजू ठेवल्या की पुढे दिसणाऱ्या जाळीच्या रेषा नीट धावतात.

आता ‘इन्सर्ट’ मेनूतील ‘फीचर्स’मधून ‘फ्रीफॉर्म’ उघडून हा फेस निवडावा. प्रत्येक कडेवर एक छोटी पट्टी दिसते आणि तिच्या यादीत अटी असतात. ‘कॉन्टॅक्ट’ने कड जागेवर राहते, पण शेजारच्या फेसशी असलेला कोन टिकत नाही. ‘टँजन्ट’ने कोनही टिकतो, मुळात तो 10 अंशांचा असेल तर 10 अंशांचाच राहतो, म्हणजे ही अट असलेला कोन जपते, नसलेली सलगता निर्माण करत नाही. ‘कर्व्हेचर’ याच्याही पुढे जाऊन वक्रता जपते. ‘मूव्हेबल’मध्ये कड हलवता येते, पण दिशेचे बंधन सुटते, तर ‘मूव्हेबल/टँजन्ट’मध्ये कड हलते आणि फेसची मूळ दिशा कायम राहते.

स्प्लिट लाइनने झालेल्या तीन कडांना ‘टँजन्ट’ द्यावे. ‘कर्व्हेचर’ देण्याचा मोह होतो, पण त्याने काठाजवळचा पट्टा ताठ होतो आणि खळगा मध्यावर आक्रसतो. हातात धरायच्या वस्तूला एवढ्या चोखंदळपणाची गरज नसते.

खरा प्रश्न मध्यकडेचा आहे, कारण खळगा तिथेच सर्वांत खोल हवा. तिला ‘कॉन्टॅक्ट’ दिले तर कड वरच राहते आणि मिरर केल्यावर दोन खळग्यांमध्ये एक वरंबा उभा राहतो. ‘मूव्हेबल’ दिले तर ती खाली जाते, पण बरोबर अंगठ्याखाली घडी पडू शकते. म्हणून इथे ‘मूव्हेबल/टँजन्ट’ द्यावे. मुठीचा मूळ छेद मध्यप्रतलाला काटकोनातच भेटतो याची खात्री मात्र आधी करून घ्यावी. तसे नसेल तर ही अट मूळची घडीसुद्धा इमानाने जपेल.

यानंतर ‘अ‍ॅड कर्व्ह्ज’ने फेसच्या मधून एकच वक्र घ्यावा, त्यावर आणि मध्यकडेवर दोन-तीन बिंदू ठेवावेत. बिंदू जितके जास्त, तितक्या लाटा जास्त. बिंदू निवडल्यावर दिसणाऱ्या तीन बाणांपैकी फक्त उभा बाण ओढावा, किंवा सहनिर्देशकाच्या चौकटीत नेमका आकडा भरावा. मध्यकडेचा बिंदू आडवा जरा जरी सरकला, तरी कड मिररच्या प्रतलातून बाहेर पडते आणि दोन अर्ध्यांमध्ये बारीक फट राहते.

मिरर करून ‘निट’ने दोन्ही भाग जोडल्यावर ‘झेब्रा स्ट्राइप्स’, म्हणजे पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे दाखवणारी तपासणी, लावून पाहावे. सांध्यावर पट्टे तुटले, तर तिथे नुसता स्पर्श आहे. पट्टे जुळूनही एकदम वळले, तर दिशा जुळली आहे, वक्रता नाही. चौकटीच्या काठावर असे वळण चालते, मध्यरेषेवर तुटलेला पट्टा चालत नाही.

शेवटी ‘थिकन’ने आतल्या बाजूला भिंत द्यावी. ते अडले, तर आधी खळग्याच्या काठावरची त्रिज्या मोजावी. ती भिंतीच्या जाडीहून कमी असल्यास आतला पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. अशा वेळी खोली कमी करण्याऐवजी स्प्लिट लाइनची चौकट चहूकडून थोडी मोठी करावी.